ट्रोम्बोनवाला मास्तर

1890 च्या दशकात इंग्लंडातली मंडळी उन्हाळ्यात हवापालटाला ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावी जायची. त्यांच्या करमणुकीसाठी तिथे ‘व्हाइट व्हिएनीज बँड’ नावाचा एक ताफा वाजायचा. पांढरेशुभ्र गणवेश, त्यावर सोनेरी जरीकाम, आणि म्होरक्या स्टॅनिस्लास वुर्म. व्हिएन्नाशी संबंध बराचसा नावापुरताच. वाजवणाऱ्यांत चार पैशांची गरज असलेली लंडनची पोरंही होती. पण गिऱ्हाइकाला परदेशी मालाची भुरळ, तेव्हा लोकांच्या कानावर जाईल अशा ठिकाणी परदेशी हेल काढूनच बोलायचं, अशी वुर्मची ताकीद असे. या ताफ्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक किडकिडीत तरुण ट्रोम्बोन वाजवायचा. गंमत म्हणजे त्याचं नाव खरोखरच जर्मन वळणाचं होतं, गुस्ताव फॉन होल्स्ट. हेल मात्र त्यालाही उसना आणावा लागे, कारण जन्म अस्सल इंग्लंडातल्या चेल्टनहॅमचा.

संगीताच्या इतिहासात होल्स्टचं नाव येतं ते ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेमुळे. मंगळापासून नेपच्यूनपर्यंतच्या सात ग्रहांवरची ही रचना आजही जगभर वाजते आणि चित्रपटांना पार्श्वसंगीत देणारे तिच्यातून उघड उचलेगिरी करतात. पण बँडवाल्यांच्या जगात त्याला मान आहे तो वेगळ्याच कारणासाठी. पितळी आणि फुंकवाद्यांच्या बँडसाठी त्यानं लिहिलेल्या मोजक्या रचना तिथे पायाभूत मानल्या जातात. आणि त्याचा पगार यायचा तो तिसऱ्याच कामातून. तो शाळामास्तर होता, तोही जवळजवळ तीस वर्षं एकाच मुलींच्या शाळेत. माझं मत असं की त्याचं बँडसंगीत कळायचं असेल तर त्याच्यातला मास्तर आधी कळला पाहिजे.

जन्म 21 सप्टेंबर 1874 चा. घरात संगीत चार पिढ्यांचं. पणजोबा मूळचे रीगाचे; रशियाच्या राजदरबारी हार्प शिकवत. आजोबा लहानपणी इंग्लंडात आले आणि घराणं तिथलंच झालं. वडील अडॉल्फ हे पियानोवादक आणि चर्चमधले ऑर्गनवादक. आई क्लारा गुस्ताव सात वर्षांचा असतानाच गेली. पोरगा लहानपणापासून आजारी. दमा होता, नजर अधू होती, आणि पुढे उजव्या हातात नसांचं दुखणं सुरू झालं ते जन्मभर गेलं नाही. वडिलांना त्याला पियानोवादक करायचं होतं. हातानं ते होऊ दिलं नाही. बाराव्या वर्षी त्याला ट्रोम्बोन शिकवायला सुरुवात केली ती दम्याला फुंकण्याच्या व्यायामानं उतार पडेल या आशेनं. दमा गेला नाही, पण पोटापाण्याची सोय झाली.

1893 मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. वडिलांनी त्यासाठी नातेवाइकाकडून 100 पौंड उसने घेतले होते. शिष्यवृत्ती मिळायला दोन वर्षं गेली. तिथे चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्डसारखा कडक गुरू भेटला आणि 1895 मध्ये राल्फ वॉन विल्यम्ससारखा मित्र. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. दोघं ठरवून एक दिवस काढायचे, नव्या रचना एकमेकांसमोर ठेवायचे आणि निर्दयपणे चिरफाड करायचे. त्याच सुमाराला होल्स्ट हॅमरस्मिथला लेखक विल्यम मॉरिसच्या घरी भरणाऱ्या समाजवादी सभांना जाऊ लागला. तिथल्या समाजवादी गायनमंडळाचं तो संचालन करायचा. त्यातच गाणाऱ्या इझोबेल हॅरिसन हिच्याशी 1901 मध्ये त्यानं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं.

कॉलेज संपल्यावर पाच वर्षं तो पूर्णवेळ ट्रोम्बोनवादक होता. आधी कार्ल रोझा ऑपेरा कंपनीत, मग स्कॉटिश ऑर्केस्ट्रात. गावोगाव फिरणं, भाड्याच्या खोल्या, रोज रात्री खेळ. पण याचा एक मोठा फायदा झाला. बहुतेक संगीतकार वाद्यवृंद समोरून ऐकतात. यानं तो आत बसून ऐकला. ट्रोम्बोनवाल्याला बराच वेळ मोजत गप्प बसावं लागतं. त्या वेळात कोणाला श्वास कुठे पुरत नाही, कोणाची ओळ कंटाळवाणी आहे, कुठे गोंगाटात कोणाचं वाद्य बुडतं, हे सगळं त्याला आयतं शिकायला मिळालं. 1903 मध्ये नोकरी सोडून तो पूर्णवेळ रचना करायला बसला आणि लगेच पैशांची चणचण भासू लागली. त्यातून शिक्षकी पदरी आली. प्रथम डलिचच्या जेम्स ॲलन्स गर्ल्स स्कूलमध्ये, 1905 पासून हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीतप्रमुख म्हणून, आणि 1907 पासून कामगार स्त्री-पुरुषांसाठी संध्याकाळी चालणाऱ्या मॉर्ली कॉलेजात.

त्या काळी इंग्लंडात मुलींच्या शाळेत संगीत म्हणजे फुलं, परी आणि चांदणं यांवरची गुळमट गाणी. होल्स्टनं ती सरळ बाजूला ठेवली आणि मुलींपुढे बाख, पर्सेल आणि सोळाव्या शतकातले लासससारखे रचनाकार आणले. मनाजोगी गाणी मिळाली नाहीत तिथे स्वतः लिहिली. पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता. स्वरसंवाद शिकवायचा तर नियम घोकून न घेता तो मुलींना एकामागून एक सुरू होऊन एकमेकांत गुंफलं जाणारं गाणं लिहायला लावायचा आणि तिथल्या तिथे वर्गाकडून गाऊन घ्यायचा. चूक असेल तर कानालाच कळायची. जे काम करण्यासारखं आहे ते वाईट करता आलं तरी केलंच पाहिजे, असं तो सांगे. पाश्चात्त्य संगीताच्या शिस्तप्रिय जगात हे बंडखोर वाक्य होतं. आपल्याकडच्या क्लासवाल्यांनाही ते सहज पचेल असं वाटत नाही.

मॉर्लीची गोष्ट याहून रंगतदार आहे. तिथे येणारे दिवसभर दुकानांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत राबून थकलेले लोक. नवा मास्तर आल्यावर सुरुवातीला हजेरी चक्क घटली, कारण हा माणूस गंमतजंमत सोडून काम मागायचा. पण त्यानं दर्जा सोडला नाही, आणि हळूहळू वर्ग भरू लागले. 1911 मध्ये या मंडळींनी जे केलं ते व्यावसायिक संस्थांनाही सुचलं नव्हतं. हेन्री पर्सेलच्या ‘द फेअरी क्वीन’ या सतराव्या शतकातल्या संगीतनाट्याची हस्तलिखित संहिता दोनशे वर्षं हरवली होती. ती नुकतीच सापडली होती. तिचा प्रयोग करायचा होल्स्टनं घाट घातला. पण प्रयोगाला प्रत्येक गायकाला आणि वादकाला आपापल्या भागाची प्रत हवी, आणि छापील प्रती नव्हत्या. तेव्हा मॉर्लीच्या विद्यार्थ्यांनी रात्री जागून सुमारे 1500 पानं हातानं उतरवून काढली. हे काम दीडएक वर्ष चाललं. जून 1911 मध्ये प्रयोग झाला. 1690 च्या दशकानंतर हे संगीत प्रथमच लोकांच्या कानी पडत होतं, आणि ते ऐकवणारे होते कारकून, शिक्षिका आणि कामगार.

हा माणूस संस्कृत शिकला होता, हे आपल्याला मुद्दाम सांगायला हवं. कॉलेजातून बाहेर पडण्याच्या सुमाराला त्याच्या हाती भारतीय साहित्याविषयीचं एक पुस्तक लागलं. ऋग्वेद आणि रामायणानं तो झपाटला. सूक्तांना चाली लावाव्यात असं त्याच्या मनात आलं, पण उपलब्ध इंग्रजी भाषांतरं गाण्याजोगी नव्हती. मग या ट्रोम्बोनवाल्यानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेबल बोड या पाली-संस्कृतच्या जाणकार बाईंकडे धडे घ्यायला सुरुवात केली. तो पंडित कधीच झाला नाही. शब्दकोश उघडून एकेक ओळ सोडवायची, आधीच्या भाषांतरांशी ताडून पाहायची आणि गाता येईल अशा इंग्रजीत मांडायची, ही त्याची पद्धत. एवढ्या भांडवलावर त्यानं 1908 ते 1912 या काळात ऋग्वेदातल्या सूक्तांवर वृंदगानांचे चार संच लिहिले. हिरण्यगर्भसूक्त त्यात आहे, वरुण आहे, अग्नी आहे, उषा आहे. तिसरा संच फक्त स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी आहे. मेघदूतावर त्यानं ‘द क्लाउड मेसेंजर’ ही मोठी रचना केली. ‘सीता’ नावाचा ऑपेरा लिहिण्यात सहाएक वर्षं घातली, पण त्यावर जर्मन संगीतकार वाग्नरची छाप इतकी गडद की पुढे तो स्वतःच त्याची टिंगल करायचा.

‘सावित्री’ मात्र वेगळी. 1908 ची ही अर्ध्या तासाची संगीतिका. पात्रं तीन: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. बारा वादक आणि दृष्टीआड राहून गाणाऱ्या स्त्रिया. पडदा नाही, सजावट नाही. उघड्यावर झाडाखालीही करता येईल असा बेत. सुरुवातच मृत्यूच्या आवाजानं होते, दुरून, एकाही वाद्याची साथ नसताना. वटपौर्णिमेला पिढ्यान् पिढ्या ही कथा ऐकणाऱ्या आपल्याला यातला बदल लगेच जाणवतो. शंभर पुत्रांच्या वराची चतुराई इथे नाही. होल्स्टची सावित्री मागते ते स्वतःसाठी परिपूर्ण आयुष्य, आणि ते मिळाल्यावर सांगते की सत्यवानाशिवाय ते परिपूर्ण होत नाही. मला हा बदल आवडतो. होल्स्ट भारतात कधी आला नाही आणि रागसंगीताची नक्कलही त्यानं केली नाही. वेदांमधून त्यानं घेतला तो काटेकोरपणा: कमी स्वर, कमी वाद्यं, अलंकार शून्य. ‘सीते’तला वाग्नरी पसारा ‘सावित्री’त संपला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यानं बँडसाठीची पहिली मोठी रचना केली.

ज्याला इंग्रज ‘मिलिटरी बँड’ म्हणत तो प्रकार थोडा समजून घेऊ. नाव लष्करी असलं तरी हे वाद्यांच्या एका विशिष्ट जुळणीचं नाव आहे. तंतुवाद्यं जवळजवळ नाहीत. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, सॅक्सोफोन ही एक फळी. कॉर्नेट, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रोम्बोन, युफोनियम, ट्यूबा ही पितळी फळी. आणि जोडीला ढोल, झांजा. आज यालाच कॉन्सर्ट बँड किंवा विंड बँड म्हणतात. इंग्रजी पलटणींबरोबर हीच वाद्यं आपल्याकडे आली आणि संस्थानिकांच्या दरबारांतून, पोलिसांच्या परेडमधून थेट लग्नाच्या वरातीत पोचली. खुद्द इंग्रजी बँडांची शिस्त मात्र सुरुवातीला यथातथाच. क्रिमियाच्या युद्धात 1854 मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारी इथे राणीच्या वाढदिवसाची परेड होती. तिथे इंग्रजांच्या वेगवेगळ्या पलटणींच्या बँडनी राष्ट्रगीत एकाच वेळी वेगवेगळ्या पट्टीत वाजवलं आणि परक्या देशांच्या सेनापतींसमोर शोभा झाली, अशी हकिगत सांगतात. तिचा परिणाम म्हणून 1857 मध्ये लंडनजवळ नेलर हॉलला लष्करी संगीताचं विद्यालय निघालं. वाजवणं सुधारलं, पण वाजवायचं काय हा प्रश्न तसाच राहिला. कवायतीच्या धुना, नाचाच्या धुना, ऑपेरातल्या गाजलेल्या गाण्यांची जुळवाजुळव, एवढीच शिदोरी. प्रतिष्ठित संगीतकार बँडसाठी स्वतंत्र रचना करत नसत. ते काम कमी दर्जाचं समजलं जाई.

1909 मध्ये होल्स्टनं लिहिलेल्या ‘फर्स्ट सूट इन ई-फ्लॅट’नं ही समजूत मोडली. तीन भाग: शाकोन, इंटरमेझो, मार्च. वाजवायला दहा-अकरा मिनिटं. शाकोन हा जुना प्रकार. खालच्या पट्टीत एक छोटी धून सतत फिरत राहते आणि तिच्यावर नवनवे आकार उमटतात. एकल तबलावादनात हार्मोनियमवरचा लेहरा फिरत असतो आणि तबलजी त्यावर आपला विस्तार करतो, तसंच काहीसं. इथे धून आठ मापांची आहे. ट्यूबा आणि युफोनियम ती प्रथम गंभीरपणे मांडतात. ई-फ्लॅटला षड्ज धरला तर तिचे पहिले तीन स्वर सा, रे, ध. एवढंच भांडवल. मग हा लेहरा पितळी वाद्यांकडे जातो, क्लॅरिनेटकडे येतो, कधी अगदी एकट्या वाद्याच्या आधारानं चालतो. मध्यावर होल्स्ट धून उलटी करतो: जिथे चढ होता तिथे उतार, जिथे उतार तिथे चढ. क्षणभर अंधारून येतं. मग पुन्हा सुलट धून, आणि सगळा बँड एकवटून भाग संपतो.

खरी गंमत पुढे आहे. दुसरा भाग चपळ, थोडा खोडकर; तिसरा ऐटबाज मार्च. पहिल्यांदा ऐकताना तिन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं वाटत नाही. पण दोन्ही भागांच्या धुना त्याच सुरुवातीच्या स्वरांमधून उगवलेल्या आहेत. मार्चची सुरुवात तर उलट्या केलेल्या धुनेतून होते. हस्तलिखितात त्यानं सूचना लिहून ठेवली की तिन्ही भाग न थांबता सलग वाजवावेत, कारण त्यांचा पाया एकच आहे. मार्चच्या मध्यात एक दमदार, भारदस्त चाल येते. शेवटी ती आणि मार्चची मूळ चाल एकाच वेळी वाजतात आणि जराही खटकत नाहीत.

आता यातला मास्तर बघा. त्या काळी प्रत्येक बँडचा आकार वेगळा, वाद्यं वेगळी. कोणाकडे वीस माणसं, कोणाकडे पन्नास. होल्स्टनं स्वरलिपीच्या पटावर अनेक वाद्यांचे भाग ऐच्छिक म्हणून लिहिले. ते वाद्य असेल तर वाजवा, नसेल तर रचना अडत नाही. गाभ्याचे स्वर नेहमी हमखास हजर असणाऱ्या वाद्यांकडे. याला मी तडजोड म्हणणार नाही. वर्गात कोण येईल आणि कोण दांडी मारेल याचा नेम नसलेल्या मॉर्लीच्या मास्तराला हे गणित रोजच सोडवावं लागत होतं. आणि दुसरं असं की या रचनेत कोणाच्याही वाट्याला नुसतं ‘ढूम-ढूम’ आलेलं नाही. ट्यूबावाल्याला पहिला शब्द मिळतो. ट्रोम्बोनवाल्यांना मिरवायला जागा आहे. इतकी वर्षं मागच्या रांगेत बसून मोजत राहिलेल्या माणसानं मागच्या रांगेची भरपाई केली आहे.

या रचनेचा पहिला नोंदलेला मोठा प्रयोग मात्र 23 जून 1920 चा. तो नेलर हॉलला झाला आणि वाजवायला 165 वादक होते. प्रकाशन 1921 मध्ये. दरम्यान 1911 मध्ये ‘सेकंड सूट इन एफ’ही लिहून झाली होती. तिचा पाया लोकगीतांचा. सेसिल शार्प, वॉन विल्यम्स ही मंडळी त्या काळी खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडची गाणी उतरवून घेत होती. जॉर्ज गार्डिनर यांनी हॅम्पशरमध्ये जमवलेल्या गाण्यांना होल्स्ट आधीच साथ लिहून देत होता; त्यातलीच काही त्यानं बँडला दिली. दुसऱ्या भागात प्रियकराला घरच्यांनी समुद्रावर धाडल्यामुळे वेड्यांच्या इस्पितळात पोचलेल्या मुलीचं गाणं आहे, शब्द नसलेलं. तिसरा भाग लोहाराचा. सात मात्रांच्या तुटक ठेक्यावर खरीखुरी ऐरण वाजते. चौथ्या भागात ‘डार्गसन’ ही जुनी नाचाची धून गोल गोल फिरत राहते. तिला शेवट असा नाहीच, सुरुवातीलाच येऊन मिळते. तिच्यावर अचानक ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ची प्रसिद्ध चाल तरंगत येते. शेवटी सगळे गप्प होतात आणि पिकोलो व ट्यूबा, म्हणजे बँडमधलं सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड वाद्य, दोघंच बोलत राहतात. हाच शेवटचा भाग त्यानं तंतुवाद्यांसाठी बदलून ‘सेंट पॉल्स सूट’मध्ये वापरला, आपल्या शाळेच्या मुलींसाठी.

त्या शाळेनं 1913 मध्ये संगीतासाठी नवी इमारत बांधली आणि होल्स्टला आवाज आत-बाहेर न जाणारी एक खोली दिली. ‘द प्लॅनेट्स’ याच खोलीत, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांमध्ये, 1914 ते 1916 या काळात लिहिली गेली. हात इतका दुखायचा की मोठा पट स्वतः लिहिणं अशक्य. व्हॅली लास्कर आणि नोरा डे या शाळेतल्या सहकारी शिक्षिका. त्यांनी त्याच्या सांगण्यावरून पट लिहून काढला. 29 सप्टेंबर 1918 ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एड्रियन बोल्टच्या संचालनाखाली पहिला खासगी प्रयोग झाला, तोही एका संगीतकार मित्रानं, बॅल्फर गार्डिनरनं, भेट म्हणून सगळा वाद्यवृंद एका सकाळपुरता मिळवून दिला म्हणून. शेवटच्या ग्रहासाठी पडद्याआडून गाणाऱ्या स्त्रिया होत्या त्याच्याच विद्यार्थिनी. ‘गुरू’ वाजत असताना बाहेरच्या बोळात झाडलोट करणाऱ्या बाया कामं टाकून नाचायला लागल्या, अशी आठवण त्याची मुलगी इमोजेन हिनं नोंदवली आहे.

पहिल्या महायुद्धात लष्करानं त्याला तब्येतीमुळे नाकारलं होतं. 1918 च्या अखेरीस वायएमसीएतर्फे तो सैनिकांना संगीत शिकवायला ग्रीसमधल्या सॅलोनिकाला गेला. जाण्यापूर्वी नावातला ‘फॉन’ कायदेशीररीत्या काढून टाकला. जर्मन वाटणाऱ्या आडनावाचा माणूस इंग्रज सैनिकांत पाठवायला अधिकारी राजी नव्हते. परतल्यावर प्रसिद्धीची लाट आली आणि ती त्याला मुळीच मानवली नाही. सही मागणाऱ्यांच्या हाती तो आपण सही देत नसल्याची टंकलिखित चिठ्ठी ठेवायचा. 1923 मध्ये रेडिंगला संचालन करताना मंचावरून पडून डोक्याला मार बसला. त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं प्राध्यापकी देऊ केली, ती त्यानं नाकारली. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी सगळं काम बंद करायला लावलं. एकेक नोकरी सुटत गेली. सेंट पॉल्स तेवढं शेवटपर्यंत ठेवलं.

उत्तरायुष्यातल्या बँडरचनांपैकी दोन महत्त्वाच्या. 1928 ची ‘अ मूरसाइड सूट’ निव्वळ पितळी वाद्यांसाठी आहे. इंग्लंडच्या कोळसाखाणी आणि कापडगिरण्यांच्या गावांत कामगारांचे ब्रास बँड असत आणि त्यांची राष्ट्रीय स्पर्धा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरत असे. सर्वांना एकच सक्तीची रचना. त्या वर्षीची रचना होल्स्टची. तो स्वतः बसून तीच रचना एकामागून एक पंधरा बँडांकडून ऐकत राहिला. यॉर्कशरच्या गिरणीतला ब्लॅक डाइक मिल्स बँड पहिला आला. एवढ्या नामवंत संगीतकारानं कामगारांच्या स्पर्धेसाठी लिहायचं, ही घटना त्या बँडवाल्यांना पदकाहून मोठी वाटली असेल तर नवल नाही.

दुसरी रचना ‘हॅमरस्मिथ’, 1930 ची, आणि माझ्या मते सर्वांत खोल. बीबीसीच्या मिलिटरी बँडनं ती मागवली होती. हॅमरस्मिथ हा लंडनचा भाग होल्स्टनं विद्यार्थिदशेपासून पाहिला होता: सभा तिथे, बायकोशी ओळख तिथे, नोकरी तिथे. रचनेचे दोन जोडलेले भाग. पहिल्यात थेम्स नदी, कोणाकडे लक्ष न देता वाहणारी. खालची वाद्यं एका पट्टीत चालतात आणि वरची दुसऱ्याच पट्टीत, त्यामुळे पाण्यावर कायम एक धुकं राहतं. मग पिकोलोच्या एका उनाड फेकीनं बाजार सुरू होतो: गर्दी, फेरीवाले, हसणं-खिदळणं. शेवटी गर्दी विरते आणि नदी होती तशीच वाहत असते. अर्पणपत्रिका थेम्सकाठच्या लोकांवर कादंबरी लिहिणाऱ्या ए. पी. हर्बर्टला.

या रचनेचं नशीब चमत्कारिक. बीबीसीच्या बँडनं 1931 मध्ये तालीम केली, पण जाहीर प्रयोग केला नाही. होल्स्टनं ती वाद्यवृंदासाठी बदलून लिहिली आणि ती त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये क्वीन्स हॉलला वाजली. पण त्याच कार्यक्रमात विल्यम वॉल्टनच्या ‘बेलशाझर्स फीस्ट’चा धूमधडाका असल्यामुळे हिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मूळ बँडरूप प्रथम वाजलं ते 17 एप्रिल 1932 ला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकन मरीन बँडकडून. होल्स्ट तेव्हा हार्वर्डला शिकवायला आला होता, पण त्या वसंतात पोटातल्या अल्सरनं त्याला आडवं पाडलं. त्यानंतर बँडची प्रत दिसेनाशीच झाली. रॉबर्ट कँट्रिक या अमेरिकन बँडसंचालकानं शोध घेऊन ती मिळवली आणि 1954 मध्ये पिट्सबर्गला वाजवली. छापील प्रत त्यानंतरची. म्हणजे ज्या वाद्यांसाठी ती लिहिली त्यांच्या हाती ती पुन्हा आली ती लेखकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

शेवटच्या वर्षांतही लेखन शाळेभोवतीच. 1933 मधली ‘ब्रूक ग्रीन सूट’ सेंट पॉल्सच्या लहान मुलींच्या तंतुवाद्य-वर्गासाठी आहे. तो तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. मे 1934 मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन दिवसांनी, 25 मे ला, हृदय थांबलं. वय 59. अस्थी चिचेस्टर कॅथेड्रलमध्ये आहेत. हस्तलिखितांची व्यवस्था आणि वडिलांचं पहिलं चरित्र ही दोन्ही कामं इमोजेननं केली. ती स्वतः संगीतकार आणि शिक्षिका होती. संगीतकार एडमंड रब्रा होल्स्टचा विद्यार्थी, आणि अमेरिकेचा संगीतकार एलियट कार्टर हार्वर्डला थोडा काळ त्याच्या हाताखाली शिकला.

बँडच्या क्षेत्रात त्याचा परिणाम दूरवर गेला. 1923 मध्ये वॉन विल्यम्सनं नेलर हॉलच्या बँडसाठी ‘इंग्लिश फोक साँग सूट’ लिहिली. 1937 मध्ये पर्सी ग्रेंजरची ‘लिंकनशर पोझी’ आली. अमेरिकेत फ्रेडरिक फेनेलनं 1952 मध्ये ईस्टमन विंड ऑन्साम्बल सुरू केला आणि ब्रिटिश बँडरचनांची तबकडी काढून होल्स्टच्या दोन्ही सूट शाळा-कॉलेजांत पोचवल्या. आज अमेरिका, जपान, युरोपातल्या शाळाशाळांमधून बँड शिकणारा मुलगा कधी ना कधी ‘फर्स्ट सूट’ वाजवतोच. संख्येनं पाहिलं तर त्याच्या बँडरचना एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तरी या क्षेत्रात त्याच्या बरोबरीला बसवावं असं दुसरं नाव मला सुचत नाही.

ऐकायचं असेल तर ‘द प्लॅनेट्स’ थोडा वेळ बाजूला ठेवा. फेनेलनं 1978 मध्ये क्लीव्हलँडच्या वादकांकडून केलेलं ‘फर्स्ट सूट’चं ध्वनिमुद्रण मिळवा, अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या डिजिटल ध्वनिमुद्रणांपैकी ते एक आहे आणि त्यातला मोठा ढोल छातीत वाजतो. सुरुवातीची ट्यूबाची आठ मापं नीट कानात साठवा आणि मग मार्च संपेपर्यंत ती कुठे कुठे दडली आहेत ते शोधा. पहिल्या खेपेला निम्मी सुटतील. पुन्हा लावा, सगळं मिळून अकरा मिनिटांचंच तर काम आहे.